महाराणी, शादीराम आणि मामा

(जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. आदल्या रात्री 'दोघी' हा चित्रपट दाखवला होता. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सदाशिव अमरापूरकर ३ नोव्हेंबर २०१४ला मुंबईत गेले. वय ६४. फुप्फुसांचं दुखणं झालं होतं. अंत्यसंस्कार मात्र इथं नगरला झाले, कारण माणूस इथलाच. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण ते होते तेव्हा नगर होतं आणि आपल्या तोंडात अजून नगरच बसलंय, तेव्हा मी नगरच म्हणणार. शेवगाव तालुक्यातलं अमरापूर हे त्यांच्या आडनावातलं गाव. इथं बसलेल्यांपैकी तिघी-चौघी त्याच रस्त्यानं काल एसटीनं आल्यात.

या शिबिरात एक सत्र त्यांच्यासाठी ठेवायचं ठरलं, तेव्हा बहुतेकींना आनंद झाला. आपल्या भागातला एवढा मोठा नट, त्यातून चळवळीला जवळचा. नगरमधली जुनी माणसं त्यांना 'तात्या' म्हणायची. पण आपल्यातलीच एक तृतीयपंथी मैत्रीण गप्प राहिली आणि मग तिनं विचारलं, की महाराणीच्या फोटोला आपण हार का घालायचा? 'सडक' आला तेव्हा ती तरुण होती. त्यानंतर कितीतरी वर्षं रस्त्यानं जाताना पोरं 'महाराणी, महाराणी' करत तिच्या मागं लागायची. कुणी दगड मारायचं, कुणी साडी ओढायचं. तिचं म्हणणं, त्या एका भूमिकेनं तिचं बाजारात जाणं अवघड केलं.

हा प्रश्न बाजूला ठेवून गोड गोड बोलणं मला जमणार नाही. तो प्रश्न समोर ठेवूनच बोलते. आणि आधीच सांगते, माणूस मला आवडायचा.

सुरुवात नाटकापासून करू, कारण ते मुळात नाटकवाले. पुणे विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केलेला हा माणूस नगरच्या हौशी रंगभूमीवर घडला. '२२ जून १८९७' या नचिकेत आणि जयू पटवर्धनांच्या मराठी चित्रपटात ते टिळक झाले होते. पुढं 'हँड्स अप' नावाचं नाटक खूप चाललं. त्यात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि 'अर्धसत्य'साठी घेतलं. हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या चळवळीच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी काढत नाही. ती म्हणजे विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान'. १९८३ साली रंगभूमीवर आलं, दिग्दर्शन सदाशिव अमरापूरकरांचं.

'कन्यादान' ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समाजवादी विचाराचा बाप, नाथ देवळालीकर. आई सेवा, तीही कार्यकर्ती. मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न करायचं ठरवते. बापाला आनंद होतो, आपल्या घरात जात मोडतेय म्हणून. आणि तो नवरा, अरुण आठवले, ज्योतीला मारतो. पोटुशी असताना मारतो. घरात दोन दोन कार्यकर्ते आणि मुलगी मार खाते आहे.

या नाटकावर दलित कार्यकर्त्यांनी जोरदार आक्षेप घेतला. मारणारा नवरा दलितच का दाखवला, हा त्यांचा सवाल होता आणि तो मला आजही रास्त वाटतो. आपल्याकडं केस घेऊन येणाऱ्या बायकांचं रजिस्टर उघडा. कुठल्या जातीचा नवरा त्यात नाही? पण नाटकात दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मुलीच्या अंगावरचा मार बापाला दिसतो, तरी त्याला आपला विचार वाचवायचा असतो. पुरोगामी घरातली मुलगी मार खाते तेव्हा ती बोलत नाही, कारण बोललं तर बापाची, संघटनेची, चळवळीची नाचक्की. असल्या घरातल्या बायका आपल्याकडं उशिरा येतात. शेजारच्या झोपडीतली लवकर येते. १९८३ साली हे नाटक उभं करायला घेणाऱ्या दिग्दर्शकाला घरातल्या हिंसेबद्दल काही कळत होतं, एवढं मी नक्की म्हणेन.

'अर्धसत्य'ही त्याच वर्षीचा. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, मूळ कथा एस. डी. पानवलकरांची. रामा शेट्टी हा गुंड. त्या काळात खलनायक म्हणजे गडगडाटी हसणारा, भडक कपड्यांतला. हा रामा शेट्टी तसा नव्हता. वाट्याला प्रसंग थोडे, आवाज चढा नाही, आणि तरी पोलीस इन्स्पेक्टरला त्याच्यासमोर घाम फुटतो. या भूमिकेला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. सगळ्यांना रामा शेट्टी आठवतो. पण त्याच चित्रपटात वेलणकरचा बाप, पोलीस खात्यातलाच, आपल्या बायकोला मारतो आणि पोरगा ते बघत मोठा होतो. त्या बापाची आठवण कोण काढतं? अमरीश पुरींनी ते काम केलंय, आणि माझ्या मते चित्रपटातली पहिली हिंसा ती आहे, रामा शेट्टी नंतरचा.

हे मी मुद्दाम सांगतेय. गुंड आठवतो, बाप विसरतो. आपल्या सगळ्यांचंच तसं होतं.

पुढची दहा-पंधरा वर्षं हिंदी चित्रपटांनी त्यांना भरपूर वापरलं. 'हुकूमत' १९८७चा, 'ऐलान-ए-जंग' १९८९चा. किती चित्रपटांत त्यांनी पोरी पळवायचे हुकूम दिले असतील त्याची गणती नाही. ते चित्रपट आपल्या गावांत कसे पोचले ते तुम्हाला माहीत आहे. यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, गणपतीत रात्री मंडळाच्या पोरांनी भाड्यानं आणलेला व्हीसीआर असायचा. माझ्या पिढीनं ते केबलवर पाहिले. पडद्यावर बाईवर हात टाकला जायचा आणि मागून शिट्या यायच्या. बाया पदर तोंडाला लावून खाली बघायच्या. मग नायक येऊन सूड घ्यायचा, की झाला न्याय. त्या बाईचं पुढं काय झालं, पोलीस ठाण्यात तिला काय विचारलं, नवऱ्यानं घरात घेतलं का, याच्याशी चित्रपटाला काही घेणं नव्हतं. या धंद्यात अमरापूरकर होते. पोटासाठी होते, असंही म्हणता येईल. नाटकावर घर चालत नाही. पण होते.

आणि मग 'सडक', १९९१. महेश भटचा. कुंटणखाना चालवणारी महाराणी. अंगावर साडी, आवाज पुरुषाचा, हसणं अंगावर काटा आणणारं. फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळं पारितोषिक सुरू केलं आणि ते पहिल्यांदा याच भूमिकेला मिळालं. अभिनय म्हणून बघितलं तर धाडसाचं काम होतं. त्या वेळच्या किती नटांनी ते पत्करलं असतं?

पण अभिनय चांगला होता म्हणूनच इजा जास्त झाली. वाईट नटानं केली असती तर लोक विसरले असते. हिजडा म्हणजे पोरी विकणारा, हे चित्र लोकांच्या मनात घट्ट बसलं. मुळात या माणसांच्या वाट्याला काय येतं? घरातून हाकलणं, शाळा सुटणं, काम न मिळणं, भाड्यानं खोली न मिळणं. त्यातल्या कितीजणींना स्वतःलाच देहविक्रीत ढकललं जातं. म्हणजे जिचा बळी जातो तिलाच पडद्यावर कसाई केलं. सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली ती १५ एप्रिल २०१४ला. अमरापूरकर गेले त्याच वर्षी. 'सडक' आणि तो निकाल यांत तेवीस वर्षांचं अंतर आहे. तेवीस वर्षं आपल्या मैत्रिणीनं दगड खाल्ले, असा हिशेब केला तर चूक होणार नाही.

याच चित्रपटात अजून एक गोष्ट आहे. नायिकेला कोठ्याच्या दारापर्यंत पोचवणारा तिच्या घरातलाच माणूस असतो, तिचा काका. 'सडक' पाहिलेल्या दहाजणींना मी विचारलं, की पूजाला विकलं कुणी? नऊजणी म्हणाल्या, महाराणीनं. काका कुणाला आठवत नव्हता.

आता एकदम वेगळा चित्रपट घेते. 'कुली नंबर वन', १९९५. तुम्ही हसलात! मीही हसते. गोविंदा, करिश्मा, कादर खान. अमरापूरकर त्यात शादीराम घरजोडे, लग्नं जुळवणारा. श्रीमंत माणूस त्याचा अपमान करतो, म्हणून तो सूड उगवायला एका हमालाला बडा आसामी म्हणून उभा करतो आणि त्या श्रीमंताच्या मुलीचं लग्न त्याच्याशी लावून देतो. बापाची जिरली म्हणून आपण पोट धरून हसतो. मुलीची फसवणूक झाली हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. भांडण दोन पुरुषांचं आणि वापरली गेली पोरगी.

चित्रपट विनोदी आहे, त्याला फाशी द्या असं मी म्हणत नाही. मलाही तो आवडतो. पण पाथर्डी, जामखेड, शेवगावकडं काम करणाऱ्या बायांनो, तुम्ही शादीराम पाहिलेत की नाही? मुलगा कंपनीत आहे, पुण्याला स्वतःची खोली आहे, हुंडा नको, लग्नाचा खर्चही आम्हीच करू, फक्त मुहूर्त लवकरचा हवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात वयात येणारी मुलगी मागं ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न असतो. आई-बाप कोयता घेऊन सहा महिने बाहेर, घरात म्हातारी. मुलीचं लग्न झालं तर जोडीचा एक कोयता वाढतो, उचल जास्त मिळते, हाही हिशेब असतो. अशा घराच्या दारात मध्यस्थ येतो तेव्हा तो देवासारखा वाटतो. महिन्याभरात कळतं, मुलाचं आधीच एक लग्न झालंय, किंवा तो घरात बसून आहे, किंवा मुलीला परराज्यात नेऊन टाकलंय आणि तिला तिथली भाषासुद्धा येत नाही. मध्यस्थाचा फोन तोवर बंद.

आता 'दोघी'कडं येते. काल आपण तो शांतपणे पाहिला. शेवटी दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या, ते मी पाहिलं, आणि का गेल्या हे विचारणार नाही.

'दोघी' १९९५चा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. सुमित्राताई आपल्याच क्षेत्रातल्या, समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या आणि शिकवणाऱ्या. दलित बायकांशी बोलून, त्यांच्या तोंडून त्यांची आयुष्यं मांडणारं त्यांचं पुस्तक आहे. तिथून त्या 'बाई' या लघुपटाकडं वळल्या आणि मग चित्रपटाकडं. एप्रिल २०२१मध्ये त्या गेल्या. नगरला मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा केसवर्क शिकवायला जाड जाड पुस्तकं होती. 'दोघी'तल्या एका घरात त्याहून जास्त केसवर्क आहे, असं माझं मत आहे. त्याला इतर सामाजिक प्रश्नांवरच्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आईचं काम करणाऱ्या उत्तरा बावकरांचा खास उल्लेख झाला.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड येताना अपघात होतो, नवरदेव जातो. गौरी पांढऱ्या पायाची ठरते. बाप अंथरुणाला खिळतो. गाव पाठ फिरवतं. घरात दोन मुली, आई आणि खायला नाही. तेव्हा मुंबईहून मामा येतो. अमरापूरकर.

तो कसा येतो ते आठवा. महाराणीसारखा येत नाही. बहिणीचा भाऊ म्हणून येतो. भाचीवर नजर ठेवून नाही, घरची अडचण बघून. चूल पेटत नाही हे त्याला दिसतं. मग वाट काढतो: पोरीला माझ्याबरोबर मुंबईला पाठवा, काम मिळेल, चार पैसे घरी येतील. पैसे येतात. घर उभं राहतं. धाकट्या कृष्णाचं लग्न ठरतं. आणि ज्या गौरीच्या पैशावर हे सगळं झालं, ती लग्नाला घरी येते तेव्हा आईला तिला जवळ घेता येत नाही. कोणतं काम करून तिनं पैसे पाठवले हे कळलंय, म्हणजे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना कळलंय.

माझं सगळं म्हणणं या मामापाशी आहे. दहा-बारा वर्षं मी या कामात आहे. मुलगी हरवली, फसली, विकली गेली अशा ज्या प्रकरणांत मी धावले, त्यात नेणारा माणूस अगदी परका निघाला असं क्वचितच झालं. मावशीचा नवरा निघाला, चुलत दीर निघाला, गावातली मुंबईला राहणारी बाई निघाली, मुकादमाचा भाऊ निघाला, लग्नाचं वचन दिलेला निघाला. एक आई मला आठवते. पोरीला शाळेत सोडायला-आणायला रोज तीन किलोमीटर चालायची, रस्त्यावर टेम्पोवाले उभे असतात म्हणून. त्याच आईनं पोरीला नात्यातल्या माणसाबरोबर शहरात कामाला पाठवलं, पिशवीत भाकरी बांधून. सात महिन्यांनी आम्ही मुलगी परत आणली. आम्ही तक्रार द्यायला गेलो त्या पोलीस ठाण्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न होता, 'उचलून नेली का? जबरदस्ती झाली का?' नाही झाली जबरदस्ती. पोरगी स्वतःच्या पायांनी एसटीत चढली, आईनं हात हलवला. मग त्यांच्या मते गुन्हाच नव्हता. त्यांनाही महाराणी हवी होती. मामावर तक्रार कशी लिहायची हे त्यांना सुचत नव्हतं.

कायदा इथं स्पष्ट आहे, तो पाठ करून ठेवा. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६चा, ज्याला आपण पिटा म्हणतो. त्याच्या कलम ५प्रमाणे वेश्याव्यवसायासाठी कुणाला मिळवणं, नेणं, भरीला पाडणं हा गुन्हा आहे, तिची संमती असो वा नसो. नेणारा नात्यातला आहे म्हणून सूट नाही. शिवाय माणसांच्या व्यापाराचं कलम, जुन्या दंडविधानातलं ३७०, आता न्याय संहितेत १४३ आहे. त्यातही फसवून, आमिष दाखवून, सत्तेचा गैरवापर करून नेणं बसतं. उचलून न्यायलाच पाहिजे असं नाही.

पण याच कायद्याचं कलम ४ वाचलं की माझी अडचण होते. दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती त्यात गुन्हेगार ठरू शकते. म्हणजे 'दोघी'तली आईसुद्धा. काल तुम्ही त्या आईकडं बघून रडलात. कागदावर ती आरोपी आहे. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या संघटना या कलमाला विरोध करतात ते याच कारणानं, की त्यांची म्हातारी आई, शिकणारं मोठं पोर हे कशावर जगतात? मामाला पकडायचं आणि आईला सोडायचं, हे कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं, यावर आपल्यात दुपारी गट करून चर्चा व्हायला हवी. माझ्याजवळ तयार उत्तर नाही.

अमरापूरकरांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या मामासाठी. हिंदीत तेव्हा त्यांना कामाची कमतरता नव्हती, 'कुली नंबर वन'चं आणि 'दोघी'चं साल एकच आहे. तरी लहानशा मराठी चित्रपटात त्यांनी ही भूमिका केली. देशानं ज्याला राक्षस म्हणून ओळखलं, त्याच चेहऱ्यानं तो साधा, चार लोकांसारखा माणूस उभा केला. पुढं २००२मध्ये 'वास्तुपुरुष'मध्येही ते सुमित्राताईंबरोबर होते. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये ते महात्मा फुले झाले होते, हेही आपल्या लोकांना माहीत नसतं. सावित्रीबाईंनी मिस फरार यांच्याकडं शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच नगरमध्ये, आणि नगरच्याच नटाच्या वाट्याला जोतीराव आले. असो.

पडद्याबाहेरचं बोलायचं तर वेळ पुरणार नाही, दोन-तीनच गोष्टी सांगते. सामाजिक कृतज्ञता निधी तुम्हाला माहीत आहे. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून तो उभा केला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशी माणसं त्यात होती. नटमंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसे जमवले. अमरापूरकर या निधीशी जोडलेले होते. ज्यांनी कधी असल्या मानधनावर महिना काढलाय त्यांना त्या रकमेची किंमत विचारा. एसटीचं भाडं आणि किराणा, एवढ्यात संपायचं, पण कुणाकडं हात पसरावा लागायचा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबरही ते होते. आणि नगरच्या स्नेहालयाशी त्यांचं नातं होतं. स्नेहालय १९८९पासून लालबत्तीतल्या बायका आणि त्यांच्या लेकरांसाठी काम करतं. पडद्यावर कोठा चालवणारा माणूस कोठ्यावरच्या लेकरांच्या संस्थेचा मित्र होता. यावर कुणी टाळ्या वाजवू नका. एक गोष्ट दुसरीची भरपाई करते असं मला वाटत नाही, आणि ते तसं समजत असतील असंही वाटत नाही.

होळीचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. २०१३चा दुष्काळ आठवतो ना? जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या होत्या, टँकरची वाट बघत बायका रात्र रात्र जागायच्या. टँकर विहिरीत ओतायचा आणि मग शेंदायला झुंबड, त्यात पाय मोडलेल्या बायका मी स्वतः पाहिल्यात. त्या मार्चमध्ये मुंबईत त्यांच्या घराजवळ होळीला पाण्याचे फवारे सोडून नाच चालला होता. राज्यात दुष्काळ आहे, पाणी वाया घालवू नका, असं सांगायला हा बासष्ट वर्षांचा माणूस गेला. त्याला मारहाण झाली. पडद्यावर ज्याच्या नावानं लोक थरथरायचे त्याला पाण्यासाठी गल्लीतल्या पोरांनी मारलं. मुंबईत राहून, हिंदीत नाव कमावून, त्याच्या डोळ्यांपुढं कुठला तरी हंडा होता. हंड्याची रांग मुंबईच्या त्या पोरांनी पाहिली नव्हती, त्यांनी पाहिली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. पुढच्या वर्षी अमरापूरकर गेले. 'बॉम्बे टॉकीज'मध्ये दिबाकर बॅनर्जींच्या गोष्टीत ते नाटकातल्या जुन्या गुरूच्या रूपात थोडा वेळ दिसले होते, ते मे २०१३मध्ये. त्या वेळी त्यांना पाहून मला बरं वाटलं होतं, की कुणालातरी आठवलं हा नाटकातला माणूस आहे.

तर मैत्रिणीच्या प्रश्नाकडं येते. नट म्हणजे भूमिका नव्हे, हे उत्तर तिला मी देणार नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, तिच्या मागं लागणाऱ्या पोरांना ठाऊक नव्हतं, आणि दगड त्यांनी मारले. महाराणीनं इजा केली, हे या सत्राच्या इतिवृत्तात तसंच लिहिलं जावं असं मी सुचवते. लिहिणाऱ्यानं, दिग्दर्शकानं, पारितोषिक देणाऱ्यांनी आणि करणाऱ्या नटानंही ती केली. हार घालायचा की नाही हे मी ठरवणार नाही. ती घालणार नसेल तर तिला कुणी आग्रह करू नये. मी घालणार आहे, आणि तो मामासाठी आणि होळीच्या दिवशी खाली उतरून गेलेल्या माणसासाठी.

आणि एक कामाचं बोलते. 'दोघी' आपण शिबिरात आपल्या आपणच बघतो, ते पुरे नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर हलतात. त्याआधी, उचल वाटली जाते त्या दिवसांत, पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या निदान दहा वाड्या-वस्त्यांवर तो दाखवायचा. प्रोजेक्टर आपल्याकडं एकच आहे, पांढरी चादर कुठंही मिळते. रात्री आठनंतर, भाकरी झाल्यावर. पुरुषांनाही बसू द्या, मुकादम आला तर त्यालाही बसू द्या. संपल्यावर लगेच भाषण करू नका. थोडा वेळ कुणीच बोलणार नाही, त्याला घाबरू नका. मग एकच प्रश्न विचारायचा: मामा दारात आला तेव्हा तुम्ही त्या घरात असता, तर त्याला काय काय विचारलं असतं? कामाचा पत्ता विचारला असता का, मालकाचा फोन मागितला असता का, सोबत कोण जाणार, परत कधी येणार? बायका जे सांगतील ते फळ्यावर लिहायचं आणि तो कागद अंगणवाडीताईकडं ठेवून यायचा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या दारात कुणाचा मामा आला तर तिला तो काढता येईल.

वाड्यांची यादी करायला कोण कोण बसणार आहे, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडं नावं द्या.